मदत हवी आहे: स्कायरिम व्हाइटरनच्या वेशीवर बंद पडतोय

मंडळी, खानापुरातून लिहितोय. पाऊस, त्यात दिवसातून चारदा लाइट जाते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर स्कायरिम या गेमची 2016ची स्पेशल एडिशन खेळतोय. त्यातल्या व्हाइटरन शहराचा दरवाजा उघडला की लोडिंगचा पडदा येतो, बाजूला मूर्ती फिरते आणि गेम थेट डेस्कटॉपवर. एरर नाही, काही नाही.

मॉडच्या (चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांच्या) पूर्ण प्लगइन फायली, हलक्या सोडून, 180च्या आसपास, म्हणजे गेमच्या 254च्या मर्यादेत. लूट या प्रोग्रामने त्यांचा क्रम लावला. एसकेएसई (मॉडना जादा सोयी देणारा प्रोग्राम) गेमच्या आवृत्तीशी जुळतंय. नवा गेम सुरू केला तर त्याच दरवाजातून बिनधास्त आत जातो! म्हणजे गोम सेव्हमध्येच असणार. चूक माझीच: गावात गर्दी वाढवणारा एक मॉड अर्ध्यातच काढून टाकला. त्याच्या स्क्रिप्ट (छोट्या आज्ञावल्या) सेव्हमध्ये अडकल्या असाव्यात.

रीसेव्हर या सेव्ह साफ करणाऱ्या प्रोग्रामने त्या अनाथ स्क्रिप्ट काढल्या तर सेव्ह वाचेल का? कुणी केलंय? 90 तासांचा खेळ आहे हो.

दुसरं, अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा चाहत्यांचा मॉड) ठेवू का? बेळगावचा मित्र म्हणतो, "तो कशाला घालालैस? रिस्टोरेशनच्या औषधाची सगळी गंमत जाते की." रिस्टोरेशन ही जादू वाढवणारं औषध पिऊन मंत्रलेली वस्तू काढून परत घातली की तिची ताकद वाढते, ती पळवाट पॅच बंद करतो. मला विचाराल तर ती बंदच बरी. एका फटक्यात ड्रॅगन मेला तर खेळायचं काय? पण हा पॅच मधेच काढणंही धोक्याचं ना?

क्रॅश लॉग आहे, मागितलात तर टाकतो. लाइट असली तर.