सायडिया फीचर्समुळे नव्हे, फटींच्या भावामुळे संपलं

कुलूपतोड्या (धागाकर्ता)

जेलब्रेकचा (ॲपलची बंधनं तोडून आयफोनवर हवं ते टाकण्याचा) विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं: "ॲपलने सगळी फीचर्स आतच दिली, मग जेलब्रेक कशाला कोण करेल?" मला हे स्पष्टीकरण लंगडं वाटतं, म्हणून हा धागा.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा ॲप स्टोअर नव्हतंच. बाहेरच्यांनी वेबपानं करावीत आणि ती सफारीत चालवावीत, एवढीच मुभा. फेब्रुवारी २००८ मध्ये जे फ्रीमन ऊर्फ सॉरिक याने सायडिया काढलं, जेलब्रेक केलेल्या फोनांसाठीचं ॲप्सचं दुकान (नाव सफरचंद पोखरणाऱ्या अळीचं, माणूस खट्याळ होता). आतली यंत्रणा डेबियन लिनक्सची एपीटी, म्हणजे प्रोग्रॅम उतरवून बसवणारी. ॲपलचं स्वतःचं स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. म्हणजे चोरवाट आधी आणि राजमार्ग पाच महिन्यांनी. २००९ पासून सायडियात विकतचा मालही मिळू लागला. २०११ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलेले आकडे असे: आठवड्याला ४५ लाख वापरकर्ते, वर्षाला सुमारे १ कोटी डॉलरची उलाढाल. आणि डिसेंबर २०१८ मध्ये सॉरिकने खरेदी बंद केली, कारण ते दुकान त्याला तोट्यात पडत होतं.

आता फीचर्सचं बघा. कॉपी-पेस्ट २००९ मध्ये आलं, मल्टिटास्किंग २०१० मध्ये, वरून ओढायच्या नोटिफिकेशन २०११ मध्ये. त्याने जेलब्रेक मरायचं असतं तर तेव्हाच मेलं असतं. उलट फेब्रुवारी २०१३ मध्ये इव्हेजन हे जेलब्रेकचं साधन आलं तेव्हा पहिल्या चार दिवसांत जवळपास ७० लाख उपकरणं मोकळी झाली.

मग बदललं काय? फटींचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या चुकांचा, भाव. २०१० मध्ये कॉमेक्स नावाच्या कॉलेजवयीन पोराने जेलब्रेकमी या वेबसाइटची नवी आवृत्ती काढली. सफारीत पान उघडा, बोट सरकवा, काम फत्ते. पीडीएफ दाखवणाऱ्या भागातली फट होती ती, आणि त्याने फुकट वाटली. सप्टेंबर २०१५ मध्ये फटी विकत घेणाऱ्या झिरोडियम या कंपनीने तसल्याच करामतीला १० लाख डॉलर जाहीर केले, पुढच्या वर्षी १५ लाख. ॲपलनेही ऑगस्ट २०१६ मध्ये २ लाख डॉलरपर्यंतची बक्षिसं लावली आणि २०१९ मध्ये ती १० लाखांवर नेली. अशा बाजारात कोण धर्मादाय फट वाटत बसेल?

फटी राहिल्याच, गिऱ्हाईक बदललं. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना संशयास्पद लिंकचे मेसेज आले. त्यांनी ते न उघडता सिटिझन लॅब या संशोधन गटाकडे पाठवले. निघालं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर. लिंक दाबली असती तर त्यांचा फोन परस्पर जेलब्रेक झाला असता. तीच विद्या, फक्त मालकाला पत्ता नाही.

नाना चौकस

संपलं ते बरंच झालं म्हणतो मी. नोव्हेंबर २००९ चा इकी वर्म (फोनाफोनांतून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) विसरलात? जेलब्रेक केलेल्या फोनचा रूट (सर्वाधिकाराचा) पासवर्ड सगळीकडे एकच, "अल्पाइन". ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने गंमत म्हणून लोकांच्या फोनचे वॉलपेपर बदलले. गमतीवर भागलं म्हणून हसायचं. २०१५ मध्ये की-रेडर या घातक प्रोग्रॅमने सव्वादोन लाख ॲपल खाती पळवली, सगळी जेलब्रेक केलेल्या फोनांवरची. आणि "स्वातंत्र्य" म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी किती जण इन्स्टॉलसवरून फुकटची चोरलेली ॲप्स उतरवायला आले होते, ते सगळ्यांना माहीत आहे.

घराचं दार चांगलं मजबूत असताना स्वतःच कडी काढून ठेवायची आणि चोर आला की बिल्डरला शिव्या द्यायच्या, हा प्रकार आहे.

कुलूपतोड्या

नाना, इकी कोणाकडे शिरला? ज्यांनी एसएसएच (लांबून फोनमध्ये शिरायची सोय) टाकलं आणि पासवर्ड बदलला नाही त्यांच्याकडे. की-रेडर एका चिनी साइटच्या रिपॉझिटऱ्यांमधून, म्हणजे सायडियाला जोडायच्या साठ्यांमधून, पसरला. दोन्ही वाईटच. पण २००९ मध्ये ॲपलने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला काय सांगितलं होतं? जेलब्रेकमुळे मोबाइलचे टॉवर कोलमडू शकतील. जुलै २०१० मध्ये तिथे फोन जेलब्रेक करायला कायदेशीर सूट मिळाली. टॉवर अजून उभे आहेत.

दाराचं म्हणाल, तर किल्ली बिल्डरकडेच ठेवायची हे मला मान्य नाही, एवढंच.

भिंगरी

धागाकर्त्यांच्या गणितात घोळ आहे. आयओएस ६ आलं सप्टेंबर २०१२ मध्ये आणि इव्हेजन फेब्रुवारीत. आयफोन ५ घेऊन बसलेले लोक साडेचार महिने वाट बघत होते. चार दिवसांतले ७० लाख म्हणजे साठलेली गर्दी आहे, लोकप्रियतेचा आलेख नव्हे. धरण फुटल्यावरचं पाणी मोजून पावसाळा चांगला झाला म्हणणार का?

आणि फीचर्स एका रात्रीत येत नसतात. मी जेलब्रेक करायचे ते एसबीसेटिंग्जसाठी, वायफाय-ब्लूटूथ एका बोटाने बंद-चालू करायला. २०१३ मध्ये कंट्रोल सेंटर आलं, माझं अर्धं कारण गेलं. २०१४ मध्ये बाहेरचे कीबोर्ड आले. २०१६ मध्ये रात्री पडद्याचा रंग बदलणारं नाइट शिफ्ट आलं, तेच काम करणारं एफ.लक्स गेलं. एकेक करून कारणं गळत गेली. नोटिफिकेशन सुधारणारं मोबाइलनोटिफायर लिहिणाऱ्याला तर ॲपलने २०११ मध्ये नोकरीवरच घेतलं! शेवटी विंटरबोर्डने आयकॉन रंगवणं उरलं, त्यासाठी कोण फोन धोक्यात घालणार?

लॅमिंग्टनचा राजू

तुम्ही सगळे अमेरिकेची गोष्ट सांगताय राव. आपल्याकडे पहिला आयफोन अधिकृतपणे आलाच नाही. कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी जावई बॅगेतून आणायचा, तो एटी अँड टीला बांधलेला. आमच्याकडे लोक यायचे ते एकाच कामाला: "आपलं सिम चालू करून द्या." आधी जेलब्रेक, मग अनलॉक. सायडिया काय आहे हे निम्म्यांना माहीत नसायचं, "हे तपकिरी आयकॉन कसलं" म्हणून विचारायचे आणि काढून टाका म्हणायचे.

ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आला एअरटेल आणि व्होडाफोनकडून, ८ जीबीला ३१,००० रुपये. त्या काळचे ३१,०००! म्हणून बाहेरून आणलेल्याची चलती आणखी काही वर्षं राहिली. पुढे दुकानातच मोकळा फोन मिळू लागला आणि आमचं गिऱ्हाईक आटलं. ना फीचर्स, ना फटी.

आडवी रेघ

धागाकर्त्यांनी कार्यकारण उलटं लावलंय. भाव वाढला म्हणून फटी लोकांना मिळेनाशा झाल्या असं नाही. फटी दुर्मिळ झाल्या म्हणून भाव वाढला. २०१८ च्या ए१२ चिपपासून पॉइंटर ऑथेंटिकेशन (मेमरीतले पत्ते कोणी बदलले का हे चिपनेच तपासणं) आलं, एका फटीवर भागेना, अनेक फटींची साखळी लागायला लागली. त्याच्या आधीच, आयओएस १० च्या सुमारास, जेलब्रेक रीस्टार्टनंतर टिकेनासं झालं होतं. ॲपलच्या फुकटच्या खात्याने सही केलेलं जेलब्रेकचं ॲप सात दिवसांत बाद होतं. दर आठवड्याला फोन लॅपटॉपला लावायला सामान्य माणसाला वेळ नाही.

आणि दुसरं. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲक्सिओमएक्स या टोपणनावाच्या संशोधकाने चेकमेट जाहीर केलं. बूटरॉममधली (फोन सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या, चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या कोडमधली) फट, म्हणजे अपडेटने बुजवताच येत नाही. आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंत सगळे त्यात आले. फुकट दिली! तुमच्या बाजाराच्या सिद्धांतानुसार त्याने ती विकायला हवी होती.

कुलूपतोड्या

चेकमेटचा मुद्दा चांगला काढलात, पण तो माझ्याच बाजूचा आहे. चेकमेटला फोन हातात लागतो, केबल लागते, डीएफयू मोड (फोन दुरुस्तीसाठीची खास अवस्था) लागतो आणि रीस्टार्ट केला की खेळ खलास. अमिरातीतल्या माणसाचा फोन परदेशात बसून फोडायला त्याचा उपयोग शून्य. हेरगिरीच्या बाजारात भाव असतो तो लांबून, न कळता चालणाऱ्या फटीला. ती जात जेलब्रेकमीच्या २०११ मधल्या पुढच्या आवृत्तीनंतर कितीदा फुकट मिळाली सांगा.

भिंगरी, साठलेली गर्दी मान्य. पण गर्दी साठायला आधी लोक लागतात. तुमची निम्मी कारणं गेलेली असतील तर २०१३ च्या फेब्रुवारीत इतके लोक रांगेत का होते?

भिंगरी

कारण कंट्रोल सेंटर त्याच वर्षी सप्टेंबरात आलं! इव्हेजनची तारीख तर तुम्हीच दिलीत.

म्युनिककर

इथे युरोपात मार्च २०२४ पासून, आयओएस १७.४ मध्ये, दुसरी स्टोअर्स टाकायला कायद्यानेच परवानगी आहे. एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर पाल आलं, सुरुवातीला वर्षाला दीड युरो घ्यायचे. मी घेतलं. जेलब्रेकची सर त्याला नाही. ॲप बाहेरून आलं तरी ॲपलच्या चाळणीतून जातं आणि सिस्टिमला हात लावता येत नाही. पण जुन्या गेम्सचे एम्युलेटर (जुन्या गेमयंत्रांची नक्कल करणारी ॲप्स) ॲपलने त्याच महिन्यात आपल्या स्टोअरमध्येही येऊ दिले, जगभर. ते सॉरिकच्या हातून झालं नाही, ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय महासंघाच्या, हातून झालं. डिसेंबर २०२० मध्ये त्याने ॲपलवर मक्तेदारीचा खटलाही भरला होता, तोवर सायडियाची विक्री बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

पावशेर

गिऱ्हाईक बदललं हे पटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारपुरस्कृत हल्ल्याचा इशारा ॲपलकडून आपल्याकडच्या विरोधी नेत्यांनाही आला होता, प्रियंका चतुर्वेदी त्यात होत्या. त्यातल्या कोणी जेलब्रेक केलं होतं का, नाना?

नाना चौकस

सरकारने तेव्हाच हात झटकून चौकशी लावली होती. इथे राजकारण नको. माझा मुद्दा साधा आहे. आज यूपीआयवर भाजीही मिळते, आणि जेलब्रेक दिसला की बँकांची बरीच ॲप्स उघडतच नाहीत. सामान्य माणसाने तिथेच विषय सोडला. फटींचा भाव त्याला ठाऊकही नाही.

सातवा मजला

मध्येच विचारतो, माफ करा. कपाटात आयफोन ७ पडलाय. त्यावर अजून काही करता येईल का?

आडवी रेघ

येईल. ए१० चिप आहे, चेकमेट लागू. आयओएस १५ वर असेल तर पालेरेन हे जेलब्रेकचं साधन बघा. रीस्टार्ट झाला की पुन्हा केबल लावावी लागेल. त्यात बँकेचं ॲप आणि मुख्य ॲपल खातं मात्र ठेवू नका.

नाना चौकस

बघा!!

कुलूपतोड्या

नाना, ते जुन्या फोनबद्दल सांगतायत, अपडेट बंद झाल्यावर तो जेलब्रेकशिवायही बँकेसाठी नकोच. यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. सातवा मजला, आधी फोटोंचा बॅकअप घ्या.