रोजच्या इंग्रजीत कॅपिटल लेटर खरंच लागतात का?

चाररेघी: पुतणी यंदा नोकरीला लागली, साहेबांना पाठवायचा ईमेल तिने आधी मला वाचायला दिला, तर अख्ख्या ईमेलमध्ये एक कॅपिटल नाही, स्वतःचं नाव स्मॉल, साहेबांचं स्मॉल, 'आय' तर सगळीकडे छोटा. म्हटलं अगं हे काय, तर म्हणे काका, कळतंय ना, मग झालं. मला नाही पटत. आम्ही पाचवीत चार रेघांच्या वहीत पहिली लिपी, दुसरी लिपी गिरवली, नाव स्मॉलने सुरू केलं की बाई लाल गोल करायच्या. माणसाचं नाव मोठ्या अक्षराने लिहिणं हा मान आहे.

सांजवारा: मानाचं म्हणाल तर मराठीत कुठे आहे कॅपिटल? आपण श्री लावतो, राव लावतो, अहोजाहो करतो, अक्षर तेवढंच राहतं. आणि इंग्रजीत तर उलटंच, स्वतःच्या 'आय'ला मोठं अक्षर आणि समोरच्या 'यू'ला छोटं. जर्मनमध्ये बघा, 'मी' छोटा आणि आदराचं 'तुम्ही' कॅपिटलने, त्याला म्हणतात मान. शिवाय नियम बदलतातच, अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात 'लाइफ', 'लिबर्टी' अशी साधी नामंसुद्धा कॅपिटल आहेत, आज कोण लिहितं तसं?

चाररेघी: जर्मनचं माहीत नव्हतं, मुद्दा चांगलाय. पण मग पोलंडचा पोलिश माणूस आणि बुटाचं पॉलिश, स्पेलिंग एकच, फरक फक्त पहिल्या अक्षराचा, त्याचं काय?

सांजवारा: शेजारी बूट आहे की माणूस त्यावरून कळतं हो.

फेज_न्यूट्रल: संदर्भाने सगळं नाही कळत. मी इलेक्ट्रिकलवाला. मेगावॅटचा एम मोठा, मिलिवॅटचा छोटा, एक मेगावॅट म्हणजे एक अब्ज मिलिवॅट. आणि तुम्ही सगळे इंग्रजी कीबोर्डवरून मराठी टाइप करता ना, शिफ्ट धरून एन दाबला तर ण, नाहीतर न. शिफ्ट राहिलं की पाणीचं पानी होतं आणि तेव्हा इथलेच लोक अंगावर येतात.

ओवी२२: मोबाइल आपोआप कॅपिटल करतो, मी ते सेटिंग मुद्दाम बंद ठेवलंय, कारण मैत्रिणीला कॅपिटल आणि फुलस्टॉप लावून ओके पाठवलं की ती विचारते चिडलीस का. ऑफिसात मात्र मी नीट लिहिते. पण एक सांगते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आईने इंग्रजीत विचारलं पाण्याचा टँकर कधी येणार, सगळं स्मॉलमध्ये. एकाने तेच वाक्य कॅपिटल घालून, दुरुस्त करून परत टाकलं, वर हसरा चेहरा. टँकरचं उत्तर दिलंच नाही. तेव्हापासून आई तिथे काही लिहीत नाही, मला सांगते तू विचार.

चाररेघी: हे फार वाईट झालं, चारचौघांत असं कुणी कुणाला दुरुस्त करू नये. पण माझी पुतणी आपणहून दाखवायला आली होती हो, ईमेल जायच्या आधी. तिला पण सांगायचं नाही का मी?