पॅरोल, परवल आणि अर्दलीची वही

प्रश्न :
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या कॉन्टिनेन्टल आर्मीचे रोजचे हुकूम मराठीत आणतेय. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 3 जुलै 1775 ला केंब्रिजच्या छावणीत सैन्याची सूत्रं हाती घेतली. दुसऱ्या दिवशीच्या हुकुमाच्या डोक्यावर ‘पॅरोल अ‍ॅबिंग्टन, काउंटरसाइन बेडफर्ड’ असं आहे. माझ्या हाती आलेल्या जुन्या खर्ड्यात त्याचं ‘अभिवचन रजा : अ‍ॅबिंग्टन’ केलंय. हे चूक आहे एवढं कळतं, पण बरोबर काय? आणि हुकूम ज्यात लिहायचे त्या ‘ऑर्डर्ली बुक’ला काय म्हणू?

उत्तर :
पॅरोल म्हणजे फ्रेंचमध्ये ‘शब्द’. पकडलेला अधिकारी ‘लढाईत उतरणार नाही’ असा शब्द देऊन मोकळा व्हायचा, तो पॅरोल. आपण ‘त्यानं शब्द दिलाय’ म्हणतो, अगदी तोच अर्थ. आपल्याकडची कैद्यांची अभिवचन रजा या शाखेवर आली. दुसरी शाखा पहाऱ्याची : रोज बदलणारा गुप्त शब्द. तुमच्या हुकुमातला पॅरोल हा. ‘परवलीचा शब्द’ यातलं ‘परवल’ याच पॅरोलवरून आलं असावं, असं मी मानतो. तसं असेल तर मराठीनं हा शब्द कधीच पचवलाय. सरळ ‘परवल’ लिहा.

आणखी एक उत्तर :
व्युत्पत्ती मान्य, पण वापर बघा. अठराव्या शतकातल्या छावणीत पॅरोल फक्त पहाऱ्यांवरच्या अधिकाऱ्यांना सांगत. काउंटरसाइन पहारेकऱ्यालाही माहीत असायचा. अंधारात ‘कोण आहे?’ म्हणून अडवल्यावर द्यायचा तो काउंटरसाइन. मराठी वाचक ‘परवलीचा शब्द’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नेमका हा प्रसंग येतो. म्हणजे नात्यानं परवल पॅरोलची, पण कामानं काउंटरसाइनची! दोन्हींना एकच शब्द वापरलात तर रात्रीच्या पहाऱ्याची रचनाच कोसळेल. शिवाय आज वर्तमानपत्रांत ‘विकास हा परवलीचा शब्द झालाय’ असं लिहितात. तिथे गुप्ततेचा मागमूसही नाही.

प्रश्नकर्ती :
हा फरक मला ठाऊक नव्हता. मग ‘परवल’ आणि ‘पहाऱ्याचा शब्द’ अशी जोडी करते. वहीचं काय?

उत्तर :
इथे गंमत वाटेल, पण आपला ‘अर्दली’ म्हणजे हाच ‘ऑर्डर्ली’. साहेबाच्या दाराशी बसणारा शिपाई असा अर्थ आपल्याकडे उरला. मुळात हुकूम घेऊन जाणारा तो ऑर्डर्ली, आणि हुकूम उतरवायची ती ऑर्डर्ली बुक. ‘अर्दलीची वही’ म्हटलं तर लोकांना शिपायाची हजेरी वाटेल. ‘हुकूमवही’ करा.

ही वही कशी भरायची तेही टिपेत सांगा, कारण त्याशिवाय तिची किंमत कळत नाही. ठरलेल्या वेळी मुख्य ठाण्यावर हुकूम वाचला जायचा. ऐकणारे लिहून घ्यायचे, आपापल्या रेजिमेंटमध्ये जाऊन पुन्हा वाचायचे, तिथे कंपनीचे सार्जंट लिहून घ्यायचे. सगळं तोंडी, कानावर विसंबून. म्हणून एकाच हुकुमाच्या प्रती वेगवेगळ्या वह्यांत वेगळ्या स्पेलिंगनं सापडतात. पुढे 1779 मध्ये या सैन्याला कवायत शिकवणारे प्रशियन अधिकारी बॅरन फॉन स्टॉयबेन यांची नियमावली छापली गेली, तिनं कंपनीची ही लिखापढी पहिल्या सार्जंटवर सोपवली. त्याच्याकडे प्रत्येक शिपायाचं वय, उंची, जन्मठिकाण लिहिलेली नोंदही असायची. तिच्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : चेहरेपट्टी. आज आपण तो नाकीडोळी या अर्थानं वापरतो, पण माणूस ओळखता यावा म्हणून केलेलं लेखी वर्णन हाही त्याचा जुना अर्थ. हा शब्द परत कामाला लावायची ही संधी सोडू नका.

प्रश्नकर्ती :
चेहरेपट्टी घेतली! आता ‘रिटर्न’. 3 जुलैच्या हुकुमात प्रत्येक रेजिमेंटकडून असे दोन रिटर्न मागितलेत : माणसं किती, आजारी, जखमी, फर्लोवर किती, दारूगोळा किती. 4 तारखेला तंबू आणि स्वयंपाकाच्या किटल्यांपर्यंत मोजदाद मागितली आहे. ‘विवरणपत्र’ लिहिलं की आयकर डोळ्यांपुढे येतो.

उत्तर :
माणसांची ‘गणती’, सामानाची ‘झाडती’. दोन्ही शब्द अस्सल आहेत. आणि फर्लोला ‘रजा’ पुरे. कैद्यांच्या फर्लोला आपल्याकडे ‘संचित रजा’ म्हणतात, तो शब्द पुन्हा तुरुंगात नेईल.

एक आग्रह मात्र धरतो. भाषा गुळगुळीत करू नका. 9 जुलै 1776 चा न्यूयॉर्कचा हुकूम बघा. संध्याकाळी सहाला ब्रिगेडी उभ्या करून स्वातंत्र्याचा जाहीरनामा खड्या आवाजात वाचायचा, हे त्यात आहे. त्याच हुकुमात पळून गेलेल्या दोघा शिपायांना प्रत्येकी 39 फटके आहेत आणि धर्मोपदेशकाचा महिन्याचा पगार आहे, 33 डॉलर आणि एक तृतीयांश. लिहून घेणाऱ्यानं तिन्ही एकाच दमात, एकाच शाईनं उतरवलं असणार. जाहीरनाम्याला भरजरी मराठी आणि फटक्यांना कारकुनी मराठी दिलीत तर ती वही राहणार नाही, भाषण होईल.

प्रश्नकर्ती :
पटलं. सुरुवात अशी केली आहे, बघा :

‘मुख्य ठाणे, केंब्रिज, 4 जुलै 1775. परवल : अ‍ॅबिंग्टन. पहाऱ्याचा शब्द : बेडफर्ड. सर्व धान्यसामग्री, तोफा, दारू, शिसे, कामाची अवजारे, तंबू व किटल्या यांची नेमकी झाडती द्यावी.’

‘दारू’वर अडलेय. ‘बंदुकीची दारू’ लिहू की नुसतं चालेल?

उत्तर :
शेजारी शिसं आहे. नुसतं चालेल.