.४५ कोल्ट की .४४ मॅग्नम? पहिल्या मोठ्या रिव्हॉल्व्हरसाठी सल्ला हवा

हिलकंट्रीकर

नमस्कार मंडळी. टेक्सासात, ऑस्टिनच्या पश्चिमेला राहतो. ग्रीन कार्ड आहे, घरी ९ एमएमचं पिस्तूल आहे, रेंजवर जाणंयेणं असतं. मध्यंतरी ओळखीच्या एका रँचवाल्यांनी त्यांचं सिंगल ॲक्शन (दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढायचा असं) रिव्हॉल्व्हर चालवायला दिलं, .४५ कोल्ट या काडतुसाचं. ९ एमएमचा फटकन बसणारा झटका यात नाही. नळी सावकाश वर येते, कुणीतरी तळहाताला ढकलल्यासारखं वाटतं आणि समोरच्या लोखंडी पाटीवर चांगला दणदणीत ठोका ऐकू येतो. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

दुकानात चौकशी केली तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ते म्हातार्‍यांचं काडतूस आहे, .४४ मॅग्नम घ्या. म्हणून विचारतोय: १८७३ सालचं काडतूस आज विकत घेण्यात काही अर्थ आहे, की नुसता नॉस्टॅल्जिया? वापर म्हणाल तर मुख्यतः रेंज, आणि त्या रँचवर रानडुकरं फार झालीत तिथे जाताना कमरेला. स्वसंरक्षणाचा प्रश्न नाही. रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणं, अजून करत नाही, पण शिकायची तयारी आहे.

उंटावरचा_शहाणा

कालपर्यंत इथे बिडाच्या तव्याला कोणतं तेल लावायचं यावर दोनशे प्रतिसाद यायचे. प्रगती आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रानजाई

कोलोरॅडोहून लिहितेय. दुकानातला पोरगा उद्धट असेल, पण चुकीचं बोलला नाही. एकच मोठं रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल तर .४४ मॅग्नम. त्यात .४४ स्पेशल हे त्याचं मवाळ भावंडही सुखाने चालतं, म्हणजे रेंजवर मवाळ आणि रानात जहाल, दोन्ही एकाच नळीतून. काडतूसही जास्त दुकानांत मिळतं. .४५ कोल्टचं प्रेम कळतं, पण त्याची कारखान्यात भरलेली बहुतेक काडतुसं आजही १८७० च्या दशकातल्या बंदुका डोळ्यांसमोर ठेवून भरलेली असतात. त्या बेड्या तुम्ही कशाला घालून घेता?

जुने_खोड

रानजाईंनी ज्यांना बेड्या म्हटलंय, नेमकं त्यातच या काडतुसाचं सगळं सुख आहे. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

नॉस्टॅल्जियावर बंदूक एकदा विकली जाईल, काडतूस मात्र दर महिन्याला पुन्हा विकावं लागतं. तेव्हा दीडशे वर्षं ते खपतंय याला आणखी काही कारण असणार.

अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी स्वीकारलं, त्याच्याबरोबर हे काडतूस आलं. मूळ माप: ४० ग्रेन काळी दारू आणि २५५ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅम. काळ्या दारूला जागा फार लागते, म्हणून पुंगळी लांबलचक. हा भार सैनिकांना जड गेला, म्हणून लष्कराने लवकरच दारू ३० ग्रेनवर आणली. पुढे १८७५ चं स्मिथ अँड वेसनचं स्कोफील्ड आल्यावर दोन्ही बंदुकांत बसेल असं आखूड काडतूस काढलं, २३० ग्रेन गोळी आणि २८ ग्रेन दारूचं. लांब कोल्ट काडतूस मात्र बाजारात राहिलं, ते आजतागायत.

आता आजचा हिशेब. बिनधुराच्या दारूचं २५० ते २५५ ग्रेनचं साधं काडतूस सेकंदाला ८५० फुटांच्या आसपास जातं. दाबाची मान्य मर्यादा १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). .४४ मॅग्नमची ३६,०००. या एका फरकातून बाकी सगळं निघतं. .४५ कोल्टची गोळी जड आणि रुंद आहे, तिला काम करायला वेग लागत नाही. दाब कमी म्हणून आवाज सौम्य, झगमगाट कमी, आणि तुम्हाला जाणवला तो ढकलल्यासारखा धक्का. पुंगळ्या पुन्हापुन्हा भरल्या तरी वर्षानुवर्षं टिकतात. शिवाय पुंगळी सरळ भिंतीची, बाटलीसारख्या मानेची नाही. त्यामुळे कार्बाइड डाय (पुंगळी पुन्हा मापात आणायचा कठीण साचा) वापरली की तिला वंगण लावायची कटकट नाही. त्याच काळातलं, किंचित मान असलेलं .४४-४० काडतूस भरायला बसलात की हा फरक काय तो कळतो.

मोठी गोळी सावकाश नेण्याचा हा विचार लष्कराने एकदा मोडीत काढून पाहिला. १८९२ मध्ये .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्व्हरं घेतली. फिलिपिन्समध्ये तिथल्या मोरो जमातीच्या योद्ध्यांशी गाठ पडल्यावर त्या .३८ ने माणूस थांबेना. शेवटी कोठारातली जुनी .४५ सिंगल ॲक्शन नळी साडेपाच इंचांवर आणून तिकडे पाठवावी लागली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकार्‍यांनी शिकागोत मृतदेहांवर आणि कत्तलखान्यातल्या जनावरांवर चाचण्या केल्या. त्या पद्धतीवर आजचे शास्त्रज्ञ नाकं मुरडतात आणि ते बरोबरच आहे. पण शिफारस झाली ती .४५ पेक्षा कमी नको अशी. त्यातूनच .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस आणि १९११ चं पिस्तूल आलं. त्याची २३० ग्रेनची गोळी आणि ८३० च्या आसपासचा वेग पाहा, जुन्या काडतुसाचाच हिशेब नव्या यंत्रात बसवलेला दिसेल.

एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या लेखकाने या काडतुसातून जास्त ताकद काढायचा प्रयत्न केला. १९२० च्या दशकात जड गोळी आणि ठासून दारू भरून त्याने जुन्या कोल्टचं सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) फोडलं. त्या सिलिंडरात .४५ साठी कोरलेल्या घरांच्या भिंती पातळ, तेव्हाच्या पुंगळीचं बूडही कमकुवत. मग तो .४४ स्पेशलकडे वळला आणि त्याच वाटेने १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आलं. म्हणजे रानजाईंचं लाडकं काडतूस .४५ कोल्टच्या फुटलेल्या सिलिंडरातून निघालंय, एवढं मान्य करावं.

तुमच्या वापराला माझा कौल .४५ कोल्टला. रेंजवर तासभर खेळून मनगट शाबूत, आणि पंचवीस-तीस यार्डांवरच्या डुकराला चपट्या नाकाची कठीण शिशाची गोळी पुरून उरते.

रानजाई

आजोबा, इतिहास झकास. पण तुमची पंचवीस यार्डांवरची डुकरं उभी राहून वाट बघतात, आमची पळतात. २४० ग्रेनची गोळी १,३०० च्या आसपास जाते तेव्हा लांबवर नेम धरताना फार डोकं चालवावं लागत नाही. ८५० वर गोळी लवकर खाली येते, हे मोठ्या प्रेमाने विसरलात.

जुने_खोड

विसरलो नाही, लपवलं. पन्नास यार्डांपलीकडे हँडगनने जनावरावर बार टाकणार्‍यांशी माझं तसंही पटत नाही. रायफल कशाला असते?

खडकीवाला

माझा प्रत्यक्ष संबंध शून्य. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भिंतीलगत लहानाचा मोठा झालो एवढंच भांडवल. आपल्याकडे परवान्यावर बहुतेकांच्या नशिबी कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२, ज्याची गोळी तुमच्या त्या गोळीच्या निम्म्याहून हलकी. इंग्रजांच्या काळातलं वेब्ली .४५५ याच जातीतलं होतं का?

जुने_खोड

होय. .४५५ ची गोळी तर २६५ ग्रेनची आणि वेग जेमतेम ६०० फूट. वसाहतींच्या लढायांतून इंग्रजही त्याच निष्कर्षाला आले होते. फरक असा की वेब्ली मधून उघडतं, एका झटक्यात सगळ्या पुंगळ्या बाहेर. सिंगल ॲक्शन कोल्टमध्ये बाजूचं झाकण उघडून एकेक पुंगळी सळईने ढकलायची. त्या सळईमुळेच मूळ पुंगळीची कड नावापुरती ठेवली होती, तिला धरून ओढायची गरजच नव्हती. रायफलीला मात्र कड पकडूनच पुंगळी ओढावी लागते, म्हणून एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा हलवून काडतूस चढवायची) रायफल कुणी काढली नाही. काउबॉय एका पट्ट्यातून दोन्ही बंदुका भरायचे ते .४४-४० ने. आज मिळतात त्या .४५ कोल्टच्या रायफली अलीकडच्या, पुंगळीला नीट कड आल्यानंतरच्या.

मोसमी_वारा

धाग्याचा विषय नाही, पण वाचणारे बरेच जण एच-१बी वर असतील म्हणून लिहितो. नॉनइमिग्रंट व्हिसावर असणार्‍यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच नव्हे, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट विचारतात, तिथे अंदाजे टिक करू नका. टेक्सासात खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला २०१९ पासून परवाना लागत नाही. पण म्हणून व्हिसावाल्यांनी तो काढायचा टाळू नये, कारण त्यांना तो बंदूक हातात धरण्यासाठीच लागतो.

दुसरं, भारतात जाताना रेंजवर नेता ती बॅग घेऊच नका. कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूससुद्धा मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल व्हायला पुरतं. ते जाणूनबुजून बाळगलेलं नव्हतं म्हणून असे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केलेत, पण तोपर्यंत सुट्टी, विमान आणि वकिलाची फी सगळं गेलेलं असतं.

उंटावरचा_शहाणा

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या साडूंना पाठवतो, ते रिकाम्या पुंगळ्यांची किचेन वाटत फिरतात.

मोसमी_वारा

त्यांना सांगा, सुरक्षा तपासणीत पुंगळी रिकामी आहे हे पटवून देण्यात विमान चुकतं.

हिलकंट्रीकर

सगळ्यांचे आभार. मन .४५ कडे झुकलंय. आता कोणतं? यादीत तीन आहेत: उबर्टी या इटालियन कंपनीची कोल्टची नक्कल, रूगर न्यू व्हकेरो, रूगर ब्लॅकहॉक. खरं कोल्ट खिशाबाहेर.

जुने_खोड

दिसायला उबर्टी. ते हातात घेतलं की पुढचं काही ऐकू येत नाही, हे मान्य. पण जुन्या पद्धतीच्या कोल्टमध्ये आणि त्याच्या बर्‍याच नकलांमध्ये घोडा सरळ काडतुसावर टेकतो. सहा घरं असली तरी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. रूगरने १९७३ पासून मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) घातला, तिथे सहाही भरता येतात. तुम्ही कमरेला लावून काट्याकुट्यांत हिंडणार, म्हणून रूगर.

न्यू व्हकेरो आणि ब्लॅकहॉक यांतला फरक मात्र नीट लक्षात घ्या. काही कंपन्या .४५ कोल्टची जहाल काडतुसं विकतात, डब्यावर 'फक्त रूगरसाठी' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. ती मोठ्या चौकटीच्या ब्लॅकहॉकसाठी आहेत. २००५ पासूनच्या न्यू व्हकेरोची चौकट लहान आहे, नाव रूगर असलं तरी त्यात ती घालायची नाहीत. उबर्टीत तर नाहीच नाही.

माझं मत: ब्लॅकहॉक कन्व्हर्टिबल, साडेपाच इंच नळीचं. त्याच्याबरोबर .४५ एसीपीचं दुसरं सिलिंडर येतं. .४५ कोल्टची काडतुसं महाग, ९ एमएमच्या तुलनेत तर खिसा कापला जातो. सिलिंडर बदललं की स्वस्त एसीपीवर सराव करा. दोन काडतुसं एकमेकांच्या सिलिंडरात मात्र घालायची नाहीत.

घेताना एक गोष्ट तपासा. दुसऱ्या महायुद्धाआधी या काडतुसाची गोळी .४५४ इंच व्यासाची होती, आता .४५१ ते .४५२. या बदलामुळे सिलिंडरच्या घराचं पुढचं तोंड आणि नळी यांचं माप जुळेलच असं नाही. रूगरची तोंडं कधीकधी घट्ट निघतात. मग शिशाची गोळी तिथेच दाबली जाते, नळीत सैल बसते, आणि नेम बिघडून नळीत शिसं माखतं. .४५२ ची शिशाची गोळी प्रत्येक तोंडातून अंगठ्याच्या जोराने आरपार जायला हवी. नाही गेली तर गनस्मिथकडून रीम करून, म्हणजे तोंड किंचित रुंद करून घ्या, फार मोठं काम नाही. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या मॉडेल २५-५ मध्ये नेमकं उलटं, तोंडं सैल. वापरलेलं स्वस्तात दिसलं तर त्याला भुलण्याआधी मोजा.

पाटलाचा_नातू

आजोबा, म्या ओहायोत काउबॉय शूटिंगला जातोय, टोपी-बूट घालून. काउंटरवरचं पोरगं हसू दे की. १९८७ ला सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी निघाली, अन् या काडतुसाला नवी गिर्‍हाइकं मिळाली. आज मवाळ काउबॉय काडतुसं दुकानात दिसतात ती आमच्यामुळं. त्याच्या आधी टीव्हीवरच्या घोडेस्वारांनी वाचवलं होतं. कोल्टनं दुसर्‍या महायुद्धाच्या टायमाला बंद केलेली ही बंदूक १९५६ ला परत काढली ती त्या मालिकांच्या जोरावरच. आणि रीलोडिंगचं एक ध्यानात ठेवा: पुंगळी काळ्या दारूच्या मापाची, आणि आपण घालतो ती नवी दारू चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी वरनं दिसंल अशी भरत नाही. दर पुंगळीत बॅटरीनं डोकवायचं, मगच गोळी बसवायची.

हिलकंट्रीकर

ब्लॅकहॉक कन्व्हर्टिबल नक्की. किती ग्रेन दारू, कुठली, हे इथेच कुणी सांगेल का?

जुने_खोड

नाही. दोन छापील मॅन्युअलं घ्या, दोन्हीत जुळेल तेच भरा, सुरुवात खालच्या आकड्यापासून. आणि ब्लॅकहॉकसाठी भरलेलं काही त्या रँचवाल्यांच्या बंदुकीजवळ नेऊ नका. डबे वेगळे, रंग वेगळे.

रानजाई

माझं मत अजून .४४. गोळ्या तोंडातून ढकलून झाल्या की किती घरं घट्ट निघाली ते इथे लिहा.