१/२ + १/३ = २/५ लिहायलेत लेकरं, काय करावं?

परभणीची बाई: नमस्कार, जिल्हा परिषद शाळेवर पाचवी-सहावीला गणित घेते. अपूर्णांकाची बेरीज आली की निम्मा वर्ग २/५ लिहायलाय, वरचे वर मिळवतेत, खालचे खाली. समच्छेद फळ्यावर करून दाखवलं की त्या दिवशी सगळं बरोबर, आठ दिवसांनी परत तेच. १/४ मोठा का १/८ विचारलं तर १/८ म्हणतेत, का तर चारापेक्षा आठ मोठे. भाकरीची चित्रं काढून काढून कंटाळा आला. कोणी काही वेगळं करतंय का?

लातूरकर गुरुजी: मॅडम, लसावि जरा बाजूला ठेवा. लेकरानं २/५ लिहिलं की एवढंच विचारा, हे अर्ध्याच्या वर का खाली? पाचाचं निम्मं अडीच, दोन तर त्याच्याबी आत. मग अर्ध्यात अजून घालून उत्तर अर्ध्याच्या खाली कसं काय आलं बाबा? आपापलीच हसतेत. आमच्याकडं उदाहरण सोडवायच्या आधी समासात "अर्ध्याच्या वर", "खाली" नाहीतर "एकाच्या वर" लिहायचंच, त्याशिवाय वही तपासत नाही.

कोरडवाहू: मी शिक्षक नाही, बीडकडचा शेतकरी. एकर घ्या ना, ४० गुंठे. पाव एकर १०, १/८ म्हणजे ५, आता विचारा कोणाला १/८ पाहिजे ते. १/४ अन् १/५ मिळवायचे तर १० अन् ८, झाले १८ गुंठे, १८/४० म्हणजे ९/२०. छेद सारखा करा म्हणून सांगावंच लागत नाही. आमच्या वडलांची शाळा चारच यत्ता पण पावकी, निमकी, अडीचकी (पाव, अर्ध्या अन् अडीचचे पाढे) तोंडपाठ, बाजारात कोणी फसवू शकत नव्हतं.

गणितवेडा_संभाजीनगर: गुंठे भारी, पण १/३ ला अडकतंय, ४० ला तिनानं भाग जाईना. तिथं तास घ्या. अर्धा तास ३० मिनिटं, तासाचा तिसरा हिस्सा २०, मिळून ५०, म्हणजे ५०/६० म्हणजे ५/६. बाईंचं उदाहरण सुटलं. अन् भाकरी सोडाच ओ, गोलाचे तीन सारखे भाग मला अजून हातानं काढता येत नाहीत. कागदाच्या पट्ट्या कापा, पण सगळ्या एकाच लांबीच्या, नाहीतर मोठ्या पट्टीचा पाव अन् लहानीचा अर्धा शेजारी ठेवून भांडत बसतेत.

परभणीची बाई: तासाचं उद्याच घेते. गुंठ्याचं मात्र असंय की वर्गात बऱ्याच लेकरांच्या घरी शेतच नाही, काहींचे आईबाप तर ऊसतोडीला जातेत. अजून एक, ३/४ ÷ १/८ ला "उलटा करून गुणा" म्हणलं की एक पोरगी रोज विचारते, उलटा का? काय सांगू तिला?

कोरडवाहू: पोरगी हुशार आहे. पाऊण एकरात १/८ एकराचे तुकडे किती बसतेत एवढंच विचारा, ३० गुंठ्यात ५-५ चे सहा. शेत नसलं तर गणितवेडा म्हणतेत ती पट्टी घ्या, तीनदा दुमडली की आठ भाग पडतेत, पाऊण पट्टीवर किती आले ते तिलाच मोजू द्या. मग अख्ख्या पट्टीत १/८ किती, तर ८, अन् आपल्याकडं पट्टी पाऊणच, म्हणून ८ चे पाऊण. तिथंच तो उलटा ८ सापडतोय तिला.