आरएक्स 100 चा फिल्टर डबा काढून कोन लावावा का? माझं मत: नको

रामबागवाला:
बाबांची 1992 ची यामाहा आरएक्स 100 बाइक आहे माझ्याकडे, रजिस्ट्रेशन रिन्यू करत सांभाळलेली. दिवाळीत एका मेकॅनिकने सांगितलं भिया तो एअर फिल्टरचा डबा फेका, उघडा शंकूसारखा कोन फिल्टर लावून देतो, गाडी मोकळी होईल. मी हो म्हटलं. पहिले आठ-दहा दिवस खरंच मजा आली, रेस दिली की टाकीखालून असा भर्रर्र आवाज यायचा की वाटायचं पिकअप दुप्पट झालाय. मग मे महिन्यात धामनोदहून परत येताना भेरू घाट चढत होतो, तिसरा गियर, पूर्ण रेस, वर ऊन, आणि गाडी एकदम जड झाली नि मागचं चाक लॉक. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. हेड उघडलं तर स्पार्क प्लग पांढरा फटक, पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, बोटाने लागत होते. बाबांनी त्या गाडीवर मला शाळेत सोडलंय हो, तो पिस्टन हातात घेऊन फार वाईट वाटलं. कंपनीने डबा उगाच दिलेला नाही. जुन्या टू-स्ट्रोकचा डबा काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

छावनी_टूस्ट्रोक:
दादा वाईट झालं, पण दोष कोनला देऊ नका, दोष जेटचा आहे, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वर येतं ते तिथल्या ओढीमुळे. डब्यातून हवा अडत अडत येते म्हणून ओढ जास्त, त्या ओढीला बसेल असा मेन जेट कंपनीने दिलाय. डबा काढला की हवा वाढते आणि ओढ कमी होते म्हणजे पेट्रोलही कमी येतं, दोन्हीकडून मिक्स्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात घाट, मे महिना, पूर्ण रेस. इंजिन सीज होणारच, म्हणजे पिस्टन अडकणारच. कोन लावला की मेन जेट दोन-तीन नंबर वाढवायचा, कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली करायची म्हणजे सुई वर येते, मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात पूर्ण रेस धरून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद, आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी आला पाहिजे. पांढरा आला तर अजून मोठा जेट. माझी चार वर्षं कोनवर आहे, एकदाही अडकली नाही. तुमच्या मेकॅनिकने अर्धं काम केलं आणि पैसे पूर्ण घेतले.

जेलरोड_काका:
जेटचं बरोबर आहे रे बाळा, पण धुळीचं काय? फोर-स्ट्रोकमध्ये हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते. टू-स्ट्रोकमध्ये आधी रीड वाल्वमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगवरून, कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडवरून, आणि मग पोर्टमधून वर. धूळ आत गेली तर नुसती रिंग नाही घासत, खालचं सगळं घासतं. बोर करून नवा पिस्टन टाकता येतो, क्रँकला मात्र पूर्ण इंजिन फोडून प्रेसवर न्यावं लागतं. आणि आपलं इंदूर स्वच्छतेत 2017 पासून पहिलं येतंय त्याचा मलाही अभिमान आहे, पण मेट्रोच्या खोदकामाशेजारून संध्याकाळी जा किंवा सिमरोळकडे उन्हाळ्यात जा, काळ्या मातीची ती बारीक पूड रुमालातून आत येते. शंभर-दीडशेवाला कोन असतो त्याच्या जाळीतून उजेड दिसतो, मी स्वतः धरून बघितलाय. कंपनीचा फोम तेलात भिजवून पिळून बसवतात तो धूळ धरतो. पावसाळ्यात तर कोन उघडाच, चाकाचं पाणी सरळ त्याच्यावर.

छावनी_टूस्ट्रोक:
काका स्वस्त कोन मीही लावा म्हणत नाहीये, तेलवाला फोम पॉड, म्हणजे फोमचा कोन, लावतो मी, दर पंधरा दिवसांनी रॉकेलमध्ये धुतो. पाऊस सुरू झाला की पॉडवर कव्हर चढवतो.

नवीन_रायडर_विजयनगर:
मला एक विचारायचं होतं, पॉड लावून पॉवर किती वाढते? स्टॉक 11 बीएचपी आहे ना, 13 वगैरे होते का?

जेलरोड_काका:
बेटा नुसत्या फिल्टरने काही विशेष नाही होत. 98 सीसीच्या इंजिनला लागते तेवढी हवा तो डबा देतो. पोर्टिंग (सिलिंडरमधले हवेचे मार्ग मोठे करणं), सायलेन्सर, कार्बोरेटर सगळं बदललं तर डबा अडवायला लागतो, स्टॉक गाडीत नाही. माझ्या भाच्याची गाडी बायपासवर आम्ही डब्यासकट आणि डब्याशिवाय दोन्ही चालवून बघितली, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक, वेगात हाताला जाणवेल असा काही नाही. उलट कमी रेसवर सिग्नलवरून उचलताना खोकायला लागली.

छावनी_टूस्ट्रोक:
खोकते ते पायलट, म्हणजे कमी रेसचा जेट, सेट नसल्यामुळे, एअर स्क्रू थोडा आत घ्यायचा. पण हो, स्टॉक इंजिनला पॉवरसाठी लावू नये हे मान्य, काका.

पलासिया_आरएक्स:
एक मुद्दा कोणीच घेतला नाही. रामबागवाला, इंजिनला तेल देणारा तुमचा ऑइल पंप चालू आहे की बंद करून टाकीत तेल टाकता? पंप चालू असेल तर तेल रेस आणि आरपीएमच्या हिशोबाने वेगळं येतं. पंप काढून पेट्रोलमध्ये मिसळत असाल तर मिक्स्चर लीन झालं म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही कमी गेलं. गरम पण आणि कोरडं पण. तिथे जेट न बदलणं म्हणजे इंजिनचा जीव घेणं.

रामबागवाला:
पंप बंदच आहे. मागच्या मालकाने... नाही, बाबांनीच काढला होता, गळत होता म्हणून. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, त्या मेकॅनिकने विचारलंही नाही. म्हणजे माझंच म्हणणं अजून पक्कं झालं ना, अशा गाडीला हात लावू नये.

वकील_यशवंतरोड:
थोडं कायद्याचं. मोटर वाहन कायदा 1988 चं कलम 52 नेहमी दाखवतात, पण ते आरसीवरचे तपशील आणि कंपनीचे मूळ तपशील वेगळे पडायला नकोत यासाठी आहे, आरसीवर एअर फिल्टर लिहिलेला नसतो. खरी अडचण कलम 190(2) ची, आवाज-धूर मर्यादेबाहेर गेला तर 2019 नंतर 10,000 पर्यंत दंड आहे. मोकळ्या कोनबरोबर मोकळा सायलेन्सरही असतोच, तिथे पकडतात.

पलासिया_आरएक्स:
आता रामबागवाला तुमच्या विरुद्ध बोलतो, राग मानू नका. तीस-पस्तीस वर्षांचा डबा म्हणजे कंपनीचा डबा राहतच नाही. प्लास्टिक कडक होऊन चिरतं, आणि डबा ते कार्बोरेटर जो रबर पाइप आहे तो लाकडासारखा होतो, क्लॅम्प कितीही आवळा बसत नाही. तिथून जी हवा जाते ती फिल्टर न होता जाते. त्यापेक्षा चांगला पॉड आणि बरोबर जेट कितीतरी बरा. डबा परत लावायच्या आधी तो तपासा, नाहीतर तुम्ही धूळ आणि लीन दोन्ही परत आणाल आणि समजाल की आता ओरिजिनल आहे, काळजी नाही.

जेलरोड_काका:
हे मात्र मान्य करावं लागेल. रबर पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसून बघ, मातीची रेघ दिसली तर गळती तिथेच.

रामबागवाला:
माळ्यावरून डबा काढला आत्ता. खोलीतले दिवे बंद करून आत मोबाइलचा टॉर्च ठेवला. मागच्या कोपऱ्यात, बोल्ट बसतो त्या कानापाशी, नख जाईल एवढी चीर आहे आणि तिथून उजेड येतोय. पाइपमध्ये फडकं फिरवलं तर तपकिरी निघालं, म्हणजे कोन लावायच्या आधीपासूनच धूळ जात होती. पॉड मी तरीही लावणार नाही. कारच्या बंपरचं प्लास्टिक वेल्डिंग करतात त्यांच्याकडे उद्या डबा घेऊन जातो. आरएक्सचा नवीन रबर पाइप इंदूरमध्ये मऊ, ताजा कुठे मिळेल कुणाला माहीत असेल तर सांगा, दुकानात पडून कडक झालेला नकोय.

छावनी_टूस्ट्रोक:
पाइप माझ्याकडे एक आहे दादा, पॉड लावल्यावर काढून ठेवलेला, अजून दाबला जातो. रविवारी सकाळी या, घेऊन जा. आणि पिस्टन नवा टाकलाय तर पहिले काही दिवस पूर्ण रेस धरू नका, घाटात तर नाहीच.