अंगण धुण्याच्या कामासाठी प्रेशर वॉशर: नुसते बार पाहून यंत्र घ्यावे का?

ओलीफरशी:
‘अंगणे धुण्याचे काम धंदा म्हणून करायचे असेल तर 200 बारच्या खालचे यंत्र हे खेळणे आहे, बार पाहा, बाकी काही पाहू नका,’ असा सल्ला ‘दोनशेबार’ यांनी काल एका नवख्या माणसाला दिला आणि त्याखाली अनुमोदनांची रांग लागली. ते वाचून गप्प बसवले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

बार हे पाण्याच्या दाबाचे माप. दाब घाण सुटी करतो. ती वाहून नेण्याचे काम प्रवाहाचे असते. मिनिटाला 6 लिटर पाणी देणाऱ्या यंत्राने मोठे अंगण धुताना निम्मा वेळ सुटलेला गाळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलण्यातच जातो, मग दाब कितीही असो. शिवाय खोक्यावरचे आकडे तपासून पाहावेत. बारला लिटर प्रति मिनिटाने गुणून 600 ने भागले की पाण्याला मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये कळते. 1.6 किलोवॅटच्या मोटरवर ‘180 बार, 7 लिटर’ असे छापलेले असेल तर उत्तर 2.1 येते, म्हणजे मोटर जेवढी वीज घेते त्याहून जास्त शक्ती पाण्याला देते असे मानावे लागेल! खरी गोष्ट इतकीच की कमाल दाब आणि कमाल प्रवाह हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नसतात. खरेदी करताना कामकाजाचा दाब विचारावा. 120 ते 130 बार, मिनिटाला 10 लिटरच्या आसपास प्रवाह आणि इंडक्शन (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, एवढ्यावर नवख्याचे काम उत्तम चालते.

दोनशेबार:
माझ्या सल्ल्यासाठी स्वतंत्र धागा काढल्याबद्दल आभारी आहे. आपले गणित बिनचूक असेलही, परंतु अंगण कागदावर धुतले जात नाही. आपण सुचवलेले यंत्र सुमारे 3 किलोवॅट वीज घेते, म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर. ग्राहकाच्या घरातले जुने वायरिंग, त्यात बारीक तारेची लांबलचक एक्स्टेंशन केबल, आणि मोटर सुरू करताच पडणारा एमसीबी हे सर्व मी सोसले आहे. एका घरी तर फ्रीज बंद पडल्याचा दोषही माझ्याच माथी आला. पेट्रोल इंजिनाला यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. आणि माझे यंत्र 200 बारबरोबर मिनिटाला 15 लिटर पाणीही देते, हेही नोंदवून ठेवावे.

ओलीफरशी:
नोंदवले. मग त्या नवख्याला ‘बाकी काही पाहू नका’ असे सांगताना हे 15 लिटर कुठे वाहून गेले होते? तो आता 200 बारचा कागद चिकटवलेले, 6 लिटरचे यंत्र उचलून आणेल. पेट्रोलचा मुद्दा मोकळ्या जागेपुरता मान्य. चारही बाजूंनी बंद असलेल्या चौकात मात्र त्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, हे आपण जोडायला हवे होते.

चौथासांधा:
दोघेही यंत्राविषयी हिरिरीने बोलत आहात आणि ज्या फरशीसाठी हा खटाटोप आहे तिचे नाव कोणी घेत नाही. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. कंत्राटदाराने बारीक धार गोल फिरवणारे नोझल ब्लॉकपासून वीतभर अंतरावर धरून सांध्यांतली सगळी वाळू उडवली आणि ‘बघा, कसे चकाचक झाले’ असे म्हणून पैसे घेऊन तो निघून गेला. पुढच्या पावसात पाणी सांध्यांतून खाली उतरले, ब्लॉक डुगडुगू लागले आणि दोन ठिकाणी खचले. ज्या ब्लॉकांचा वरचा सिमेंटचा थर निघून खडी उघडी पडली, त्यांच्यावर शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरते, कारण खरखरीत पृष्ठभाग त्याला हवाच असतो. थराथरांच्या वालुकाश्माची अवस्था तर याहून वाईट होते. त्याचे पापुद्रेच सुटतात. धार 25 किंवा 40 अंशांत पसरवणारे नोझल घ्यावे, हातभर अंतर राखावे आणि काम संपल्यावर सांधे पुन्हा वाळूने भरून द्यावेत. तो खर्च दरात धरत नसाल तर अंगणाचे काम घेऊच नये.

काळेडाग:
या चर्चेचा पायाच चुकीचा आहे. शेवाळ दाबाने मरत नाही, ते फक्त सोलले जाते. काळे डाग तर बहुधा दगडफुलाचे असतात आणि ते दगडाच्या छिद्रांत रुतलेले असतात. त्यांच्यावर 200 बार मारलेत तर डागाआधी दगड जाईल. पातळ केलेले सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) फवारावे, ते वाळू न देता पंधरा-वीस मिनिटे ठेवावे आणि हलक्या दाबाने धुवावे. हे केल्यावर 80 बारही पुरतात. मी कित्येक वर्षे असेच काम करीत आलो आहे.

हिरवीकुंडी:
आणि ते धुतलेले पाणी कित्येक वर्षे कोणाच्या बागेत जात आले आहे, तेही लिहा. आमच्याकडे आलेल्या अशाच एका तज्ज्ञाने झाडे आधी भिजवली नाहीत, झाकली नाहीत आणि कडेची सगळी रोपे करपवून टाकली. विचारल्यावर ‘पाने पुन्हा येतील’ असे उत्तर मिळाले. सिमेंटचे डाग काढायला त्याने आम्लाची बाटलीही आणली होती आणि ती त्याच बादलीत ओतायला निघाला होता. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो, एवढेही ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती फवारा द्यावा का?

काळेडाग:
ताई, तो माणूस अडाणी होता याची शिक्षा रसायनाला कशाला? आधी आणि नंतर झाडांवर साधे पाणी मारले आणि निचऱ्याची दिशा पाहिली की काही होत नाही. चुनखडकावर आम्ल ओतणारा माणूस दगडच विरघळवतो. त्याची आणि माझी तुलना हा माझा अपमान आहे.

हिरवीकुंडी:
अपमान वाटला तर वाटू द्या. ‘काही होत नाही’ हे वाक्य करपलेल्या रोपांसमोर उभे राहून म्हणावे. निचरा तळ्यात किंवा ओढ्यात जात असेल तर काय करता, याचे उत्तर आपण टाळले आहे. फवारून तसेच सोडायचे शेवाळनाशक, बेन्झाल्कोनियम क्लोराइडही सुचवू नये; जलचरांना तेही विषारीच आहे.

काळेडाग:
टाळलेले नाही. निचरा तळ्याकडे असेल तर मी रसायन वापरत नाही आणि डाग राहतील असे ग्राहकाला आधीच सांगतो. समाधान झाले असल्यास यंत्राविषयी बोलू या.

जुनीमोटर:
बोलू या. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बरीच यंत्रे दाबाने नव्हे, तहानेने मरतात. पंप मिनिटाला 10 लिटर फेकणार असेल तर नळाने त्याहून अधिक द्यायला हवे. बारीक नळीवर लावलेला पंप हवा ओढतो, खडखडतो आणि आतून खराब होतो. येणाऱ्या पाण्याची जाळी साफ करणे लोकांना कमीपणाचे वाटते. कार्बन ब्रशची मोटर रोजच्या कामाला घेऊ नये, पंपाचे डोके पितळेचे असावे, आणि ट्रिगर सोडून यंत्र तसेच चालू ठेवून गप्पा मारू नयेत, कारण तेच पाणी आत फिरून तापते आणि सील जातात. पेट्रोलवाल्यांची ही सवय सर्वांत वाईट आहे.

दोनशेबार:
टोमणा पोहोचला. ठीक आहे, ‘बाकी काही पाहू नका’ हे शब्द मागे घेतो. त्यांच्या जागी ‘बार पाहा आणि मग या धाग्यावरचे प्रबंध वाचा’ असे समजावे. मात्र मोठ्या अंगणावर गोल तबकडी वापरायची असेल तर तुमचे 10 लिटर कमीच पडणार. 50 सेंटिमीटरच्या तबकडीखाली दोन नोझले फिरतात, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे पाणी येते आणि मागे पट्टे राहतात.

ओलीफरशी:
म्हणून 10 लिटरच्या यंत्राला 30 सेंटिमीटरची तबकडी लावावी, आणि तिची नोझले त्या प्रवाहाच्या मापाची घ्यावीत. भोक मोठे असले की दाब कमी होतो. लहान तबकडीने वेळ थोडा जास्त लागेल, परंतु नोझले ठराविक उंचीवर फिरत असल्याने ‘चौथासांधा’ यांच्या ब्लॉकांवर मारा सगळीकडे सारखा होईल.

चौथासांधा:
सांध्यांतली थोडी वाळू तबकडीनेही उडते. पोते बरोबर ठेवावे.